परवाना नसताना हॅम रेडिओवरून परदेशी बोलायचं असेल तर

समजा तुम्ही एखाद्या हॅमच्या, म्हणजे परवाना असलेल्या हौशी रेडिओचालकाच्या स्टेशनवर बसला आहात. त्याने समुद्रापलीकडच्या कुणाशी तरी संपर्क साधला आणि माइक तुमच्याकडे सरकवला. तुमच्याकडे परवाना नाही. तरी बोलायचं का?

हे तुमच्यावर ठरत नाही, दोन देशांवर ठरतं. तुम्ही बसला आहात ते स्टेशन ज्या देशाच्या हद्दीत आहे तो एक, आणि पलीकडचं स्टेशन ज्या देशाच्या हद्दीत आहे तो दुसरा. दोन्हीकडे मुभा असेल तर बोला. एकीकडे जरी नसेल तरी बोलेल तो परवानाधारक, तुम्ही फक्त ऐकायचं. चूक झाली तर जाब परवानाधारकाला द्यावा लागतो आणि त्याचाच परवाना धोक्यात येतो. म्हणून "एवढ्याने काय होतंय, दोनच वाक्यं बोलतो" असा आग्रह पाहुण्याने कधीही धरू नये.

१. थर्ड पार्टी म्हणजे नेमकं कोण

रेडिओवरच्या संभाषणात पहिला पक्ष म्हणजे या बाजूचा कंट्रोल ऑपरेटर, म्हणजे स्टेशनची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो परवानाधारक. दुसरा पक्ष म्हणजे पलीकडचा परवानाधारक. यांच्याखेरीज ज्याच्या वतीने काही सांगितलं जातं तो तिसरा. हॅम मंडळी त्याला सरळ थर्ड पार्टी म्हणतात.

माइक स्वतःच्या हातात घेतला तरच आपण थर्ड पार्टी होतो, असा बहुतेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. तुम्ही चिठ्ठीवर लिहून दिलेला निरोप ऑपरेटरने वाचून दाखवला, तरी तो थर्ड पार्टी संदेशच. टेलिफोनची लाइन रेडिओला जोडून तुमचा आवाज पुढे पाठवला, ज्याला फोन पॅच म्हणतात, तर तोही त्यातच आला. तिसरा पक्ष पलीकडेही असू शकतो. इकडे तुमचा परवानाधारक मित्र बोलतो आहे आणि तिकडच्या हॅमने आपल्या शेजाऱ्याला माइक दिला, तरी नियम तेच लागू होतात.

परवाना असलेला माणूसही काही वेळा थर्ड पार्टी ठरतो. अमेरिकेत टेक्निशियन या पहिल्या पायरीच्या परवान्यावर १४ मेगाहर्ट्झच्या बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यात, प्रक्षेपण करता येत नाही. असा टेक्निशियन वरच्या वर्गाच्या मित्राच्या स्टेशनवर जाऊन त्या बँडवर बोलला, तर तिथे तो थर्ड पार्टीच. ज्या स्टेशनवर आणि ज्या बँडवर तो स्वतः कंट्रोल ऑपरेटर होऊ शकतो, तिथे मात्र हे बंधन त्याला लागत नाही.

२. सगळ्या देशांवरचा नियम

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीतलं कलम २५ हौशी रेडिओसाठी आहे. २००३ साली जिनिव्हात भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेत ते बदललं. त्याआधी दोन देशांनी आपसात खास करार केलेला नसेल, तर थर्ड पार्टीसाठी आंतरराष्ट्रीय संदेश पाठवायला बंदीच होती. आताच्या २५.३ प्रमाणे असे संदेश फक्त आणीबाणीत किंवा आपत्तीतल्या मदतकार्यासाठी पाठवता येतात. पण लगेच पुढचं वाक्य असं आहे की, आपल्या हद्दीतल्या हौशी स्टेशनांना ही तरतूद कशी लागू करायची ते प्रत्येक देशाने ठरवावं.

सगळा गोंधळ या दुसऱ्या वाक्यामुळे होतो. काही देशांनी त्याचा आधार घेऊन मोकळीक दिली, काहींनी जुनी बंदी ठेवली, काहींनी कराराची पद्धत चालू ठेवली. त्यामुळे "आता जगभर चालतं" हेही खरं नाही आणि "कुठेच चालत नाही" हेही खरं नाही.

याच कलमातल्या आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. दोन देशांतल्या हौशी स्टेशनांमधलं बोलणं हौशी सेवेच्या उद्देशाशी संबंधित किंवा वैयक्तिक स्वरूपाचं असावं (२५.२). अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायची नाही (२५.२ए). आणि प्रक्षेपण चालू असताना थोड्याथोड्या वेळाने कॉल साइन, म्हणजे स्टेशनची अक्षरं-आकड्यांची ओळख, सांगितली पाहिजे (२५.९).

३. स्टेशन ज्या देशात आहे तिथला नियम वाचा

अमेरिकेचे नियम सर्वांत स्पष्ट लिहिलेले आहेत, म्हणून नमुना म्हणून तेच पाहू. तिथल्या दूरसंचार आयोगाच्या भाग ९७ मधला ९७.११५ हा नियम थर्ड पार्टीचा. त्याचा मथितार्थ असा:

- अमेरिकेच्या हद्दीतल्या कोणत्याही स्टेशनशी थर्ड पार्टी बोलू शकते.
- परदेशी स्टेशनशी बोलायचं तर त्या देशाने अमेरिकेशी थर्ड पार्टीची व्यवस्था केलेली असली पाहिजे. आणीबाणीतले आणि आपत्तीतल्या मदतीचे संदेश याला अपवाद आहेत.
- थर्ड पार्टी बोलत असताना कंट्रोल ऑपरेटर जागेवर हजर असला पाहिजे आणि त्याने सतत ऐकून देखरेख ठेवली पाहिजे. चहा करायला आत जाणं चालत नाही.
- ज्याचा हौशी परवाना कारवाईत रद्द किंवा निलंबित झाला आहे, त्याला थर्ड पार्टी म्हणूनही माइक देता येत नाही.
- परदेशी स्टेशनशी थर्ड पार्टी बोलणं झालं की शेवटी आपल्या कॉल साइनबरोबर पलीकडच्या स्टेशनचीही कॉल साइन सांगावी लागते.

अमेरिकेशी अशी व्यवस्था असलेल्या देशांत कॅनडा, मेक्सिको, ब्राझील, अर्जेंटिना, चिली, ऑस्ट्रेलिया, इस्रायल हे आहेत. जपान, जर्मनी, फ्रान्स, इटली आणि भारत त्या यादीत नाहीत. ब्रिटनची गंमत वेगळी आहे: सर्वसाधारण ब्रिटिश स्टेशनांशी ही व्यवस्था नाही, पण 'जीबी' उपसर्गाच्या खास कार्यक्रमांच्या स्टेशनांशी आहे, त्यातही 'जीबी३' वगळून. यादी बदलत असते. अमेरिकन रेडिओ रिले लीग ती प्रसिद्ध करते, तेव्हा बोलण्याआधी ताजी प्रत पाहावी. वर्षापूर्वी छापून भिंतीवर लावलेल्या कागदावर विसंबू नये.

भारतात १९७८ च्या हौशी सेवेच्या नियमांनी थर्ड पार्टी संदेशांची वाट फार अरुंद ठेवली: भूकंप, पूर, चक्रीवादळ, मोठ्या आगी अशा आपत्तींपुरती. त्यातही संदेश जिल्हाधिकाऱ्यांकडून किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडून आलेला आणि तशाच अधिकाऱ्याला उद्देशून असावा, अशी अट. म्हणजे भारतातल्या हॅमच्या स्टेशनवरून परदेशातल्या मावसभावाशी गप्पा मारायला ही वाट नाही. भारतातल्या परवानाधारकाने आपल्या परवान्यावरच्या अटी आणि दूरसंचार विभागाचे सध्याचे नियम दोन्ही वाचावेत.

तुमचं स्टेशन तिसऱ्याच देशात असेल तर तिथल्या नियमांत तीन प्रश्नांची उत्तरं शोधा. परवाना नसलेला माणूस देखरेखीखाली बोलू शकतो का? परदेशी स्टेशनशीही बोलू शकतो का? त्यासाठी दुसऱ्या देशाशी करार लागतो का? पहिल्याचं उत्तर 'हो' आलं की लोक तिथेच थांबतात. खरी मेख दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात आहे.

४. पलीकडचं स्टेशन कुठे आहे ते ओळखा

कॉल साइनच्या सुरुवातीची अक्षरं देश सांगतात. व्हीयू म्हणजे भारत, जेए जपान, डीएल जर्मनी, व्हीई कॅनडा, एक्सई मेक्सिको, व्हीके ऑस्ट्रेलिया, पीवाय ब्राझील, एलयू अर्जेंटिना, ४एक्स इस्रायल. के, डब्ल्यू आणि एनने सुरू होणाऱ्या सगळ्या कॉल साइन अमेरिकेच्या.

इथे दोन ठिकाणी फसगत होते.

पहिली जागा म्हणजे तिरकी रेघ. कॉल साइन 'डीएल' तिरकी रेघ आणि पुढे अमेरिकन कॉल साइन अशी ऐकू आली, तर बोलणारा अमेरिकन असला तरी स्टेशन जर्मनीत आहे. नियम हद्दीचा आहे, माणसाच्या नागरिकत्वाचा नाही. तेव्हा अमेरिकेतून बोलत असाल तर जर्मनीचा हिशेब धरायचा आणि थर्ड पार्टीने माइक हाती घ्यायचा नाही.

दुसरी जागा दूरची बेटं. केएच६ म्हणजे हवाई, केपी४ म्हणजे पोर्तो रिको, केएच२ म्हणजे ग्वाम. नकाशावर लांब असली तरी ही स्टेशनं अमेरिकेच्याच हद्दीत आहेत, त्यामुळे अमेरिकेतून तिथे बोलायला कराराचा प्रश्न येत नाही.

उपसर्ग नीट कळला नाही तर ऑपरेटरने "आपलं स्टेशन कुठे आहे?" असं सरळ विचारावं. उत्तर येईपर्यंत माइक त्याच्याच हातात राहू द्या.

५. बसण्याआधी टेबलावर काय हवं

- ऑपरेटरच्या परवान्याची प्रत, आणि त्याला कोणत्या बँडवर किती मुभा आहे त्याचा तक्ता
- थर्ड पार्टीला मुभा असलेल्या देशांची ताजी यादी
- कॉल साइनच्या उपसर्गांची यादी
- लॉगबुक आणि जागतिक वेळ दाखवणारं घड्याळ
- आंतरराष्ट्रीय उच्चारमालेचा कागद (अल्फा, ब्राव्हो, चार्ली…)
- पाहुणा लहान मूल असेल तर पालकांची संमती

पाहुण्याला कोणताही दाखला लागत नाही. लॉगमध्ये तारीख, जागतिक वेळ, फ्रिक्वेन्सी, दोन्ही कॉल साइन आणि "थर्ड पार्टी" असा शेरा एवढं लिहिलं तरी पुढे कुणी विचारलंच तर उत्तर हाताशी राहतं.

६. माइक हातात आल्यावर

संपर्क नेहमी ऑपरेटर सुरू करतो. तो पलीकडच्याला सांगतो की माझ्याजवळ परवाना नसलेली पाहुणी व्यक्ती आहे, तिच्याशी बोलणार का? पलीकडच्याने होकार दिला की मगच तुमची पाळी.

पीटीटीचं, म्हणजे बोलताना दाबून धरायचं बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. थांबला नाहीत तर पहिला शब्द कापला जातो, आणि तो नेमका तुमच्या नावाचा असतो. माइक तोंडापासून पाचेक सेंटिमीटरवर थोडा तिरका धरा. ओरडू नका. मोठ्याने बोललं की आवाज लांब पोचत नाही, फक्त फाटतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर सांडतो. एका वेळी अर्ध्या मिनिटाच्या आत बोलणं संपवा, "ओव्हर" म्हणा आणि बटण सोडा. बटण दाबलेलं असेपर्यंत तुम्हाला समोरचा ऐकू येत नाही, हे फोनच्या सवयीमुळे विसरलं जातं.

डायलला हात लावू नका. सिंगल साइडबँडवर, म्हणजे लांबच्या आवाजी संपर्कासाठी हॅम वापरतात त्या पद्धतीत, फ्रिक्वेन्सी थोडी जरी सरकली तरी आवाज बदकासारखा होतो, आणि बँडच्या कडेला असाल तर ऑपरेटरच्या परवान्याच्या हद्दीबाहेरही जाल. थर्ड पार्टीला वेगळी मुभा नसते. ऑपरेटरला जिथे बोलता येतं तिथेच तुम्हाला.

खोलीत पाहुणे असताना व्हॉक्स (बटणाऐवजी आवाजाने प्रक्षेपण सुरू करणारी सोय) बंद ठेवावं ही ऑपरेटरला कळकळीची विनंती. व्हॉक्स चालू असेल तर खोलीतला कुठलाही आवाज प्रक्षेपण सुरू करतो. मागे बसलेल्या कुणाची कुजबुज थेट परदेशात पोचते आणि ती कुणाची हे नियम विचारत नाही.

कॉल साइन सांगण्याचं काम ऑपरेटरचं. अमेरिकेत दर १० मिनिटांनी आणि शेवटी ती सांगावी लागते, आणि आवाजी प्रक्षेपणात इंग्रजीत सांगावी लागते. बाकीचं बोलणं मराठीत केलं तरी हरकत नाही. मात्र ऑपरेटरला मराठी कळत नसेल तर तुम्ही काय बोलताय यावर तो देखरेख कशी ठेवणार? अशा वेळी त्याला समजणाऱ्या भाषेत बोलणं हाच त्याच्याविषयीचा आदर. तुमची स्वतःची कॉल साइन नसते, तेव्हा गमतीनेसुद्धा एखादी बनवून सांगू नका.

७. काय बोलावं, काय टाळावं

नाव, गावाचं नाव, हवामान, छंद, शाळेत काय शिकता, रेडिओबद्दलची उत्सुकता हे सगळं चालतं. व्यवहार चालत नाही. मालाची ऑर्डर, दर, नोकरीची बोलणी, दुकानाची जाहिरात यांना हौशी रेडिओवर जागा नाही. बोलू दिल्याबद्दल ऑपरेटरला पैसे देणंही नियमात बसत नाही. संगीत वाजवायचं नाही, मागे गाणं चालू असेल तर आधी बंद करा. शिवीगाळ नको आणि फक्त दोघांनाच कळेल अशी खुणेची भाषाही नको. राजकारण आणि धर्म यांवर बोलणं बहुतेक हॅम आपणहून टाळतात, तेच बरं.

आणखी एक. हे बोलणं खाजगी नसतं. त्या फ्रिक्वेन्सीवर रिसीव्हर लावलेला जगातला कुणीही ते ऐकू शकतो आणि रेकॉर्ड करू शकतो. फोन नंबर, घरचा पत्ता, "पुढचा महिनाभर आम्ही घरी नाही" अशी माहिती हवेत सोडू नका. मुलांना हे आधी समजावून सांगा.

८. इंटरनेटने जोडलेले रिपीटर

नवख्यांची सर्वांत जास्त चूक इथे होते. हातातला छोटा वॉकीटॉकी गावातल्या रिपीटरशी, म्हणजे आलेला आवाज पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या स्टेशनशी बोलतो, म्हणून वाटतं की आपण गावातल्या गावात बोलतोय. पण तो रिपीटर एकोलिंक, डी-स्टार किंवा डीएमआर अशा इंटरनेटवरून स्टेशनं जोडणाऱ्या एखाद्या जाळ्याला जोडलेला असेल, तर तोच आवाज त्याच क्षणी दुसऱ्या खंडातल्या रिपीटरवरून प्रक्षेपित होत असतो. डीएमआरवर टॉकग्रुप, म्हणजे बोलण्याचे क्रमांकित गट असतात; त्यातला ९१ तर जगभराचाच आहे.

म्हणून थर्ड पार्टीला माइक देण्याआधी ऑपरेटरने दोन गोष्टी तपासाव्यात: रिपीटर या घडीला कशाला जोडलेला आहे, आणि आपण कोणत्या टॉकग्रुपवर आहोत. करार नसलेल्या देशातलं स्टेशन मध्येच उत्तर द्यायला आलं, तर थर्ड पार्टीने थांबायचं आणि ऑपरेटरने स्वतः उत्तर द्यायचं. जागतिक टॉकग्रुपवर पलीकडे कोण येईल हे कुणाच्याच हाती नसतं, त्यामुळे परवाना नसलेल्या पाहुण्यासाठी तो टाळावा आणि देशापुरता किंवा गावापुरता ग्रुप निवडावा. अशा जोडण्यांवर बटण दाबल्यावर एकऐवजी दोन सेकंद थांबा, आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावरही तेवढीच फट सोडा. नाहीतर मध्ये येऊ पाहणाऱ्याला जागाच मिळत नाही.

"संगणकावरून एकोलिंक वापरतो, त्याला कशाला परवाना?" असंही विचारलं जातं. लागतो. नोंदणीच्या वेळी कॉल साइनचा पुरावा मागितला जातो, कारण संगणकातून गेलेला आवाज शेवटी कुठेतरी अँटेनातूनच बाहेर पडतो. मित्राच्या कॉल साइनने त्याच्या गैरहजेरीत लॉग इन करणं म्हणजे त्याच्या नावाने विनापरवाना प्रक्षेपण.

९. आपत्तीच्या वेळी

आणीबाणी आणि मदतकार्य यांना २५.३ मध्येच जागा आहे. माणसाचा जीव तातडीच्या धोक्यात असेल आणि संपर्काची नेहमीची साधनं बंद असतील, तर परवान्याच्या बारीक अटींपेक्षा मदत पोचणं महत्त्वाचं. अमेरिकेच्या ९७.४०३ मध्ये हौशी स्टेशनला तसं स्पष्ट सांगितलं आहे. आपत्तीत जागतिक पातळीवर वापरायला सुचवलेल्या फ्रिक्वेन्सी १४.३००, १८.१६० आणि २१.३६० मेगाहर्ट्झ आहेत. तिथे मदतीचं काम चालू असेल तर बाकीच्यांनी गप्प राहून ऐकावं.

तुमचा निरोप पाठवायचा असेल तर तो लिहूनच द्या. तोंडी सांगितलेला निरोप तीन हातांतून जाताना बदलतो. अमेरिकेत रूढ असलेल्या रेडिओग्राम पद्धतीत क्रमांक, निकड (आणीबाणी, प्राधान्य, खुशाली किंवा साधा), मूळ स्टेशन, शब्दसंख्या, ठिकाण, वेळ आणि तारीख एवढं वर येतं, मग पत्ता आणि खाली मजकूर. मजकूर २५ शब्दांत बसवा. शब्दसंख्या शोभेसाठी नसते: घेणारा शब्द मोजतो, आणि आकडा जुळला नाही तर कुठेतरी शब्द गळला हे त्याला तिथल्या तिथे कळतं. "सगळे ठीक" एवढंच लिहू नका. कोण, कुठे, कोणत्या वेळेपर्यंत ठीक, हे लिहा.

"मी सुखरूप आहे" हा खुशालीचा निरोप मदतकार्यात मोडतो की नाही, हे त्या आपत्तीसाठी प्रशासनाने काय जाहीर केलं आहे त्यावर ठरतं. तो निर्णय ऑपरेटरवर सोडा आणि जखमींचे निरोप आधी जाऊ द्या.

१०. बोलता येत नसेल तेव्हा

ऐकणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर रिसीव्हर इंटरनेटवरून कुणालाही ब्राउझरमध्ये चालवता येतो. हॅम एकमेकांना कसं हाक मारतात, कधी थांबतात, कॉल साइन कशी सांगतात हे तिथे काही संध्याकाळी ऐकलंत, तर माइक हातात आल्यावर जीभ अडखळत नाही. घरी रिसीव्हर लावणार असाल तर तुमच्या देशात ऐकण्यासाठी काही परवानगी लागते का, तेवढं पाहून घ्या.

शाळकरी मुलांसाठी दोन चांगल्या संधी आहेत. स्काउटांचं 'जांबोरी ऑन द एअर' १९५८ पासून भरतं, दर ऑक्टोबरमध्ये. ज्या देशांत मुभा आहे तिथे मुलं स्वतः बोलतात, नसेल तिथे ऑपरेटर बोलतो आणि मुलं ऐकतात. दुसरी संधी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची. डिसेंबर २००० पासून शाळांतली मुलं हॅम रेडिओवरून अंतराळवीरांना प्रश्न विचारत आली आहेत. स्थानक डोक्यावरून साधारण १० मिनिटांत निघून जातं, म्हणून प्रश्न आधी लिहून, मुलांना रांगेत उभं करून, "ओव्हर" म्हणायचा सराव करून घ्यावा लागतो. स्थानकाचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर एफएममध्ये येतो. डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे, तो सुरुवातीला तीनेक किलोहर्ट्झ वर आणि जाताना तितकाच खाली सरकलेला असतो. रिसीव्हरवर फ्रिक्वेन्सीच्या पायऱ्या लावता येत असतील तर त्या आधीच मेमरीत भरून ठेवा.

आणि परदेशी वारंवार बोलायचं असेल तर परवानाच काढा. अमेरिकेत त्यासाठी वयाची अट नाही. पहिल्या पायरीच्या परीक्षेत ३५ प्रश्न असतात आणि २६ बरोबर यावे लागतात. मात्र परवाना हाती आल्यावरही परदेशी जाऊन तिथून प्रक्षेपण करायचं असेल, तर त्या देशाची मुभा वेगळी घ्यावी लागते. सीईपीटी या युरोपीय दूरसंचार प्रशासनांच्या संघटनेच्या टी/आर ६१-०१ शिफारशीत सामील असलेल्या देशांना आपसात ते सोपं जातं. बाकीच्यांनी प्रवासाच्या पुरेसं आधी तिथल्या प्रशासनाकडे अर्ज करावा.